सासूबाईंची जीप

सासूबाईंनी जीप घेतली तेव्हा मी हडपसरच्या ऑफिसात एका प्रोग्रामपुढे डोकं धरून बसले होते. सकाळपासून तो चालत नव्हता आणि अमेरिकेतल्या क्लायंटला तो संध्याकाळपर्यंत हवा होता. टेबलावरचा फोन वाजला. सासूबाई म्हणाल्या, "येताना तुझी गाडी जरा बाहेरच लाव. पार्किंगमध्ये जीप उभी आहे."

मी विचारलं, कोणाची जीप?

"आपली. आज घेतली."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. पुन्हा विचारलं, तर त्यांनी जीप म्हणजे काय ते मला समजावून सांगायला सुरुवात केली. मी फोन ठेवला.

सासूबाई चंद्रपूरकडच्या. सगळी नोकरी त्यांनी जंगलातल्या गावांमधून नर्स म्हणून केली, शेवटी शेवटी पर्यवेक्षिका झाल्या. निवृत्त झाल्यावर मुलाकडे पुण्याला आल्या, आणि त्या आल्या त्याच्या पुढच्याच महिन्यात मुलगा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला गेला. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेला माणूस, त्याचं काम लांबतच गेलं. त्या काळात आमच्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावर असं एक घर होतं. बिबवेवाडीच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच राहिलो. मी पुण्यात जन्मलेली, दिवसभर कंपनीत. त्या दिवसभर गॅलरीत. त्यांना करमत नव्हतं हे मला दिसत होतं. मी त्यांना भजनी मंडळ सुचवलं, वाचनालय सुचवलं, योगाचा वर्ग सुचवला. जीप सुचवल्याचं मला आठवत नाही.

मार्केट यार्डात त्या भाजी आणायला चालत जायच्या. तिथे एका कांदेबटाट्याच्या व्यापाऱ्याच्या गाळ्यासमोर ही जीप उभी असायची. सरकारी लिलावात कधीतरी त्याच्या वडिलांनी घेतलेली, नंतर पोती वाहायला वापरलेली. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी त्याच्याकडे भांडायला गेले. पिढ्यान् पिढ्या पुण्यात राहिलेलं मुसलमान कुटुंब, माणूस माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलणारा. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"वहिनी, मी त्यांच्यापासून काही लपवलेलं नाही," तो म्हणाला. "ब्रेक दोनदा दाबावा लागतो, हेसुद्धा सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्या खात्याच्या जीपचाही दोनदाच दाबावा लागायचा."

यावर काय भांडणार? मी चहा पिऊन परत आले.

नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर तो हसला. म्हणाला, चालवू दे ना तिला, तिची हौस आहे. अमेरिकेतून हौस फार छान दिसते. इथे ती हौस रोज रात्रभर ऑइल गाळायची आणि फरशीवर डाग पडतो म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनी हरकत घेतल्यावर सासूबाईंनी तिच्याखाली माझी पुरणाची परात ठेवली. सेक्रेटरी एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. जिन्यात भेटले तेव्हा मला म्हणाले, "आपल्या सासूबाईंना एवढंच सांगा, की दुसऱ्या मजल्यावर जायला आपल्याकडे लिफ्ट आहे. डोंगर चढायची आवश्यकता नाही."

या गाडीत एवढं काय आहे, हे मला कळत नव्हतं. आमच्या ऑफिसात माझा टीम लीड होता, तो जीपवेडा. माझ्याकडे जीप आल्याचं कळल्यावर त्याने मला रोज एक ईमेल पाठवायला सुरुवात केली. त्यातून मला नको असलेला सगळा इतिहास कळला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला कुठेही जाईल अशी हलकी गाडी हवी होती, ती घाईघाईने तयार झाली. सरळ पत्रे, समोर उभ्या फटींची जाळी, काच पुढे दुमडून बॉनेटवर टाकता यायची, शोभेचं काही नाही. नाव कुठून आलं, याबद्दल तिथल्या लोकांतही एकमत नाही. युद्ध संपल्यावर सैन्याला नको झालेल्या गाड्या शेतकऱ्यांनी घेतल्या, जगभर पसरल्या. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे मुंबईत त्या जोडायला लागले, आणि मग मामलेदार, जंगलखातं, पोलीस, आरोग्यखातं, जिथे म्हणून रस्ता संपत होता तिथे सरकार जीपमध्ये बसून जायला लागलं. टीम लीडला यातला युद्धाचा भाग आवडायचा. सासूबाईंना मी तो वाचून दाखवला तर त्या म्हणाल्या, "युद्धाचं मला माहीत नाही. आमच्याकडे लसींची पेटी जायची."

मग त्यांनी सांगितलं. जीपमध्ये पुढे ड्रायव्हर आणि डॉक्टर. मागे, आडव्या बाकावर, लसींची पेटी मांडीवर घेऊन नर्स. गुडघे पत्र्याला लागायचे. नाले लागायचे, तेव्हा ड्रायव्हर गिअरशेजारचा दुसरा छोटा दांडा ओढून चारही चाकं चालू करायचा आणि गाडी गुरगुरत पलीकडे जायची. तो दांडा कधी ओढायचा हे त्यांना मागून पाहून पाहून पाठ झालं होतं. पर्यवेक्षिका झाल्यावर दौऱ्यासाठी जीप मिळण्याचा त्यांना हक्क होता. पण त्यांच्या दौऱ्याच्या दिवशी नेमकी कुणा साहेबाला जीप लागायची, आणि त्या एसटीने जायच्या.

हे ऐकून मला वाईट वाटलं. पण वाईट वाटल्याने परात परत मिळत नाही.

त्यांनी मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणाऱ्याने वयाकडे पाहून आढेवेढे घेतले, पण त्या शिकल्या. पुढे जाणं त्यांना चांगलं जमायचं. मागे घेणं शेवटपर्यंत जमलं नाही. लायसन्स मिळाल्यावरही एकटीने जीप काढू नये, अशी अट मी घातली. त्याचा परिणाम एवढाच झाला, की दर रविवारी सकाळी, आठवडाभर झोप न झालेली मी, त्यांच्या शेजारी दांडीला धरून बसायला लागले. भाजीला जीप, दळणाला जीप. एकदा कात्रजच्या चौकात ती बंद पडली आणि मागच्या बसच्या ड्रायव्हरने खाली उतरून, कमरेवर हात ठेवून आमच्याकडे पाहिलं. मी त्या दिवसापासून डोक्याला ओढणी गुंडाळून बसू लागले.

टीम लीडचा एक गट होता. बहुतेक सगळे आयटीतले, काही माझ्याच मजल्यावरचे. त्यांच्याकडे नव्याने रंगवलेल्या जीपा होत्या, रुंद टायर, वर दिव्यांची रांग, पुढे दोर गुंडाळायचं यंत्र. रविवारी ते डोंगरात जायचे आणि मुद्दाम चिखलात गाड्या घालायचे. चिखल जितका जास्त तितका रविवार चांगला. तो माझ्या मागेच लागला, की आंटींना घेऊन या, सगळ्यांना त्यांना भेटायचंय. मी टाळत राहिले. शेवटी त्याने थेट घरी फोन केला, आणि सासूबाई लगेच हो म्हणाल्या.

पावसाळा सरत आला होता. पानशेतच्या पुढे एका गावाच्या वर डांबरी रस्ता संपतो आणि मातीची वाट टेकडीवर चढते. तिथे, वाटेवर थोडं वर, सात-आठ जीपा जमल्या होत्या. पोरांनी सासूबाईंचं फार कौतुक केलं, त्यांच्याबरोबर फोटो काढले. मग खेळ सुरू झाला. एकेक जण वाटेवरच्या चिखलात गाडी घालायचा, चाकं जागच्या जागी फिरवायचा, चिखल उडवायचा, बाकीचे टाळ्या वाजवायचे. गाडी अडकली की दोर लावून ओढायची आणि पुन्हा घालायची.

सासूबाई बघत होत्या. थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "हे काय करून राहिले?"

मी म्हटलं, मजा.

"बाजूला कोरडं आहे ना. तिथून काहून नाही जात?"

मी म्हटलं, मग मजा कशी येणार? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते नियम मीच केले होते.

तेवढ्यात वरून एक माणूस सायकल ढकलत उतरला. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. चाकांनी पाडलेल्या खोल चरांपाशी तो थांबला, सायकल उचलायचा प्रयत्न केला, एक किटली कलंडली आणि थोडं दूध गेलं. पोरांमधल्या एकाने धावत जाऊन त्याला हात दिला. तो माणूस रागावलेला नव्हता, नुसता कंटाळलेला होता. सासूबाईंना म्हणाला, "मागल्या रविवारीबी आसंच केलं ह्यांनी. डेरीला जायाची ही एकच वाट हाय आमची."

सासूबाई जीपमध्ये जाऊन बसल्या, सुरू केली, आणि वाटेच्या तोंडाशी आडवी लावून बंद केली. किल्ली पर्समध्ये टाकली. आता खाली जायची सगळ्यांची वाट बंद झाली. मी धावत गेले, म्हटलं, आई, काय करताय? त्यांनी टीम लीडला बोलावून सांगितलं, की हे चर भरा, मग मी गाडी काढते.

तो हसत आला होता, ते हसू थोडं थोडं गेलं. "आंटी, ही ट्रेल आहे, रोड नाही. एक पाऊस पडला की आपोआप लेव्हल होतं सगळं."

"तुमची ट्रेल असंल बाप्पा," त्या म्हणाल्या. "त्यांचा रोड आहे."

तो माझ्याकडे वळला. माझं पुढच्या महिन्यातलं प्रमोशन त्याच्या हातात होतं, आणि दोघांनाही ते माहीत होतं. मी हळू आवाजात सासूबाईंना विनवलं. मग जरा मोठ्या आवाजात विनवलं. त्यांनी पर्समधून सुपारी काढली आणि चघळत बसल्या.

पोरांनी दगड आणले, माती ओढली. आधी तोंडं वेडीवाकडी करून, मग निमूटपणे. फावडं एकच होतं, बाकी सगळं हातांनी. मीही दगड वाहिले, कारण नुसतं उभं राहणं त्याहून अवघड होतं. सासूबाई मात्र गाडीतून हलल्या नाहीत. आपण उतरलो तर कोणी गाडी ढकलेल, अशी त्यांना शंका होती. दूधवाला डेरीवरून परत आला तेव्हा काम संपत आलं होतं. त्याने पायाने माती दाबून पाहिली. आभार वगैरे मानले नाहीत. म्हणाला, "म्होरल्या रविवारी येऊ नका म्हंजे झालं."

आम्ही निघालो. खडकवासल्यापर्यंत मी एक शब्द बोलले नाही.

"तू काहून बोलून नाही राहिली?" त्यांनी विचारलं.

"मला उद्या त्यांच्यातच जाऊन काम करायचंय, आई."

त्यांनी ब्रेक दोनदा दाबला, एका म्हशीला जाऊ दिलं, आणि समोर बघत म्हणाल्या, "मीही हेच म्हणत मागं बसून राहिली. सगळी नोकरी. उद्या यांच्यातच काम करायचं आहे म्हणून."

त्यांचं म्हणणं मला पटलं, आणि पटलं म्हणून माझा राग आणखी वाढला. माझी बाजू घ्यायला गाडीत कोणीच उरलं नाही.

सोमवारपासून जीपच्या ईमेल बंद झाल्या, ते एक बरं झालं. प्रमोशन दुसऱ्याला मिळालं. वर्षाच्या शेवटच्या चर्चेत टीम लीड म्हणाला, की तुमचं काम उत्तम आहे, फक्त टीममध्ये जरा मिसळायला हवं. मी त्याला सांगणार होते की तुमच्या टीमसाठी मी हातांनी दगड वाहिलेत. सांगितलं नाही. पुढच्या वर्षी मी कंपनी बदलली. नवी कंपनीही हडपसरलाच, समोरच्या इमारतीत.

सासूबाई त्यानंतर काही वर्षं जीप चालवत होत्या. सोसायटीतल्या बायका आधी नाकं मुरडायच्या, मग त्यांच्याबरोबर मार्केट यार्डात जाऊ लागल्या, कारण पोत्याने कांदे आणता यायचे. सेक्रेटरींच्या पत्नीही जाऊ लागल्या. मग सासूबाईंचा डावा गुडघा क्लच दाबेना. एक दिवस त्यांनीच म्हटलं, विकून टाकू. मला इतका आनंद झाला की मी लगेच जाहिरात दिली. पण गिऱ्हाईक आलं की त्या विचारायच्या, काय करणार गाडीचं? कोणी म्हणालं, लग्नाच्या वरातीसाठी सजवणार. कोणी म्हणालं, हॉटेलच्या दाराशी शोभेला ठेवणार. त्या नाही म्हणायच्या, आणि मी चहाचे कप उचलायचे. शेवटी मांजरीजवळचा एक रोपवाटिकावाला आला. त्याने जीपच्या इतिहासात काडीचाही रस घेतला नाही. मागचा बाक काढला तर रोपांचे किती ट्रे बसतील, एवढंच विचारलं. त्याला दिली.

आणि मग माझा नवरा अमेरिकेतून कायमचा परत आला. आल्यावर पहिलं काम काय केलं, तर नवी गाडी घेतली. जीपच्याच जातीची, पण अवाढव्य. आत एसी, चामड्याच्या सीट, जाहिरातीत ती बर्फातून आणि नद्यांमधून जाताना दाखवतात. त्याला रोज बिबवेवाडीहून हडपसरला जायचं असतं. मी विचारलं, ही कशासाठी? तो म्हणाला, कुठेही जाते. आमच्या पार्किंगच्या वळणावर ती एका दमात वळत नाही. रोज सकाळी वॉचमन मागे उभा राहतो, नवरा पुढे-मागे, पुढे-मागे करतो आणि सासूबाई गॅलरीतून त्याला मागे कसं घ्यायचं ते शिकवतात. मी तोवर खाली जाऊन कंपनीची बस पकडते.