विहिरीचं पाणी आणि निकेल

अमरावतीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालो आणि अकोल्यात वनस्पती तुपाच्या एका कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो. घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिलाच. नांदगाव खंडेश्वरकडच्या गावी आईला नोकरीचं सांगितलं, तेव्हा ती शेतातल्या निंदणाहून नुकतीच परतली होती.

"तेलाचं तूप करता, म्हणजे भेसळच ना बाप्पा?"

मी तिला समजावलं. सरकीच्या गरम तेलात निकेलची काळी भुकटी टाकायची, त्यातून हायड्रोजन वायू सोडायचा, की पातळ तेल थिजायला लागतं. निकेल मात्र खर्च होत नाही. गाळून पुन्हा वापरता येतं.

"मंग त्याले काय भेटते?" तिनं विचारलं. आमच्या प्राध्यापकांनी हे काही शिकवलं नव्हतं.

कारखान्यात साठीला टेकलेले एक मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. मला आयुष्यात पहिल्यांदा 'साहेब' म्हणणारा माणूस तोच. तुपाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन ते थिजताना बघत आणि भांड्यातला तो घाणा उतरवायचा की नाही ते सांगत. मी तेच काचेच्या बारीक नळीत, थर्मामीटर लावून मोजायचो. आमचं उत्तर बहुधा एकच निघे, फक्त माझं अर्ध्या तासानं.

दुसऱ्या उन्हाळ्यात तूप थिजेनासं झालं. नवं निकेल टाकलं की एक घाणा बरा निघे, दुसऱ्याला ते निकामी होई. मॅनेजरनं सगळ्यांदेखत खापर चाचांवर फोडलं. म्हातारपणी यांना वायूचा व्हॉल्व्ह समजत नाही, म्हणाला. मी चाचांची बाजू घेतली नाही, याची अजून लाज वाटते.

दुपारी ते प्रयोगशाळेच्या दारात आले. "साहेब, तुमी पाणी पाहा. नदी आटली तवापासून विहिरीचं पाणी घेऊन राह्यले."

"पण चाचा, निकेलचा पाण्याशी काय संबंध?"

"तेल कशानं धुता तुमी?"

तेलातला आंबटपणा काढायला त्यात कास्टिक सोडा घालत. त्यानं साबण तयार होई, तो पाण्यानं धुऊन काढावा लागे. विहिरीच्या खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे अकोल्यातल्या कपडे धुणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. केमिस्टला ते सुचलं नव्हतं.

मी सोडा घातलेलं एकच तेल दोन बाटल्यांत घेतलं. एक विहिरीच्या पाण्यानं धुतलं, दुसरं डिस्टिल्ड वॉटरनं. दोन्ही तापवून त्यांत सारखं निकेल टाकलं, वायू सोडला आणि गाळून निवू दिलं. दुसरं पांढरंशुभ्र थिजलं, पहिलं तेलाचं तेलच राहिलं. पाण्यातल्या क्षारांमुळं साबण धुऊन न जाता तेलातच राहत होता आणि निकेलच्या कणांवर त्याचा लेप बसत होता.

मॅनेजरनं दोन्ही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. दुसऱ्या दिवसापासून गोड्या पाण्याचे टँकर येऊ लागले. चाचांची माफी मात्र त्यानं मागितली नाही.

हे सगळं मी अमरावतीला प्राध्यापकांना लिहून कळवलं. उलट टपाली उत्तर आलं: यावर संशोधन कर, मी शिष्यवृत्तीसाठी लिहितो. पगार सोडायचा धीर होईना. चाचांना विचारलं, तर म्हणाले, "जा ना. इथं राह्यले त माह्यासारखे मिस्त्री होसान."

गेलो. पुढची काही वर्षं निकेल कसं आणि कशानं मरतं, यातच गेली. प्रबंधाच्या आभारात चाचांचं नाव घातलं, तेव्हा टंकलेखकानं विचारलं, "यांची पदवी कोणती लिहू?" मी म्हटलं, "मिस्त्री."

प्रत घेऊन अकोल्याला त्यांच्या घरी गेलो. ते निवृत्त झाले होते, डोळ्यांना कमी दिसत होतं. प्रबंध हातात घेऊन त्यांनी पुठ्ठ्यावरून बोटं फिरवली आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं. कारखान्यात आता क्षार काढून पाणी मऊ करायची टाकी बसवली आहे, म्हणाले. "मॅनेजर सांगते, त्याच्याच डोक्यातून निंगालं."

मी चिडलो. ते हसत होते. मग त्यांनी माझ्या आईची चौकशी केली, ती अजून निंदणाला जाते का म्हणून. जात नाही, सांगितलं. "हे बेस केलं," ते म्हणाले आणि बशी माझ्यापुढं सरकवली.