नमुन्याची मेंढी

बाराव्या महिन्यात युनशिऊच्या स्वयंपाकघरात इतकी वाफ कोंडायची, की आत आलेल्या माणसाला आधी चूल दिसायची आणि मग युनशिऊ. नव्या वर्षासाठी वाफवलेल्या कणकेचे प्राणी करावेत तर तिनेच, असं पेई घराण्याच्या त्या गावात सगळे मानत. तिथे बारा जनावरांच्या नावाने बारा वर्षं फिरतात; येणारं वर्ष ज्या जनावराचं, ते जनावर. कात्री, कंगवा आणि जेवायच्या काड्या, एवढीच तिची हत्यारं. डोळ्यांना काळे दाणे, कपाळाला लाल खजूर. यंदा डुकराचं वर्ष येत होतं, म्हणून टेबलावर लठ्ठ डुकरं दाटीवाटीने बसली होती.

हाताला अशी चव आणि कसब असलेली बाई, पण एका गोष्टीवरून गाव तिला हसायचं. बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या तिथीला चुलीवरचा देव घराघरातली वर्षाची हकिगत सांगायला वर जातो. तिथे त्याने भलतंसलतं बरळू नये म्हणून त्याच्या चित्राच्या तोंडाला चिकट साखर लावायची, मग चित्र जाळून त्याला रवाना करायचं. लोक बोटभर लावतात. युनशिऊ देवाचं नाकतोंड बुजेपर्यंत लावायची.

"अगं, श्वास तरी घेऊ दे त्याला," शेजारीण म्हणायची. "असं केलंयस तरी काय?"

युनशिऊ हसण्यावारी न्यायची. केलं होतं ते इतकंच, की एक थाप मारली होती, आणि ती सत्तावीस वर्षं निभावली होती.

तिची मुलगी यानरू जन्मली ती मेंढीच्या वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी, दिवेलागणीला. काही तास कळ काढली असती तर माकडाचं वर्ष लागलं असतं, पण पोटातल्या बाळाला पंचांग कोण समजावणार? मेंढीच्या वर्षातली मुलगी म्हटली की त्या भागात लोक तोंड वाकडं करत. दहा मेंढ्यांत नऊ अपुऱ्या, म्हणत. अशी मुलगी बापाला खाते, नाहीतर नवऱ्याला. मेंढीसारख्या गरीब जनावरावर हा आळ कोणी घेतला देव जाणे, पण घेतला खरा. सासू तेव्हा थोरल्या मुलाकडे वर्षाअखेरच्या जेवणाला गेली होती. घरात युनशिऊ, तिचा नवरा आणि सुईण, तिघंच. बाळाने पहिला टाहो फोडला तसा नवरा अंगणात धावला आणि मध्यरात्रीसाठी ठेवलेली फटाक्यांची अख्खी माळ त्याने तेव्हाच पेटवून दिली. त्या धडधडाटात रडणं बुडून गेलं. पहाटे त्याने घरोघर जाऊन सांगितलं, "मुलगी झाली. आत्ताच. माकड आहे, माकड!" सुईण भली बाई. तिने मूग गिळले आणि ते गुपित घेऊनच पुढे देवाघरी गेली.

यानरू सहा वर्षांची असताना नवरा कोळशाच्या खाणीत अपघातात गेला. सासू रडता रडता म्हणाली, "माकडाची पोर आहे म्हणून गप्प बसते. मेंढी असती तर म्हटलं असतं, हिनेच खाल्लं माझ्या लेकाला." त्या दिवशी युनशिऊचं काळीज चरकलं ते कायमचं. पुढच्या वर्षीपासून देवाच्या तोंडाची साखर दुप्पट झाली.

आता यानरू तालुक्याच्या गावी बालवाडीत शिकवत होती, आणि तिथल्याच जुनल्यांगशी तिचं जमलं होतं. मुलगा तीन वर्षांनी लहान, पण त्याची आजी, होऊ आडनावाची, त्यावर खूशच होती. बायको तीन वर्षांनी मोठी म्हणजे घरात सोन्याची वीट, असं जुनी माणसं म्हणतात. अठ्ठाविसाव्या तिथीला नातवाला घेऊन आजी स्वतः आली. कणीक फुगवायचा तो दिवस. युनशिऊचे हात कोपरापर्यंत पिठात.

आजी बसली, चहा घेतला, डुकरांकडे पाहिलं आणि एकदम गंभीर झाली.

"युनशिऊ, राग मानू नकोस. पोर गुणाची आहे. पण काल मनात हिशेब केला. आमचा डुकराचा, तुमची माकडाची. डुक्कर आणि माकड शेवटापर्यंत टिकत नाहीत, हे लहान पोरालाही ठाऊक आहे."

"आजी, हे कोण मानतं आता?" जुनल्यांग म्हणाला.

"तू गप. तुझा फोन मानत नसेल. मी मानते." आजीने पेला खाली ठेवला. "एकुलता एक नातू आहे गं माझा. मला भीती वाटते, दुसरं काही नाही."

युनशिऊ कणीक मळायची थांबली. तोंड मिटून बसलं तर लग्न मोडत होतं. उघडलं तर पोरीच्या कपाळी तेच लागणार होतं, जे एवढी वर्षं पुसत आली. आणि पोरीला काय वाटेल? आपण बापाला खाल्लं? वाफेआड यानरू उभी होती. तिच्याकडे पाहायचा युनशिऊला धीर झाला नाही. पाहिलं असतं तर बोलणं जमलंच नसतं.

"माकड नाही ती," युनशिऊ कणकेकडे पाहत म्हणाली. "मेंढी आहे. वर्षाच्या शेवटच्या दिवशी झाली, दिवे लागताना. मी आणि तिच्या वडिलांनी खोटं सांगितलं."

आजी बोटांवर काहीतरी मोजू लागली. मग बोटं मध्येच थांबली.

"आणि वडील..."

"वडील खाणीत गेले. छत कोसळलं." युनशिऊचा आवाज चढला. गावाने तो कधी असा ऐकला नव्हता. "त्याच पाळीतली आणखी चार माणसं गेली, आजी. त्यांच्या घरी कुठे होत्या मेंढ्या?"

चुलीवर पाणी खदखदत होतं. युनशिऊने डोळे पुसले आणि गालाला पीठ लागलं.

"आई, मला माहीत आहे," यानरू म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मेंढी. दरवर्षी शेवटच्या दिवशी सगळ्यांना तू येणाऱ्या वर्षाचं जनावर करतेस. कोंबडं असो, कुत्रं असो. आणि मला मात्र संध्याकाळी हळूच एक इवलीशी मेंढी देतेस. 'नमुना आहे, वाफ नीट लागलीय का बघ.' सत्तावीस वर्षांत एकदा तरी दुसरा नमुना दिलास का?"

युनशिऊने हातातली कणीक खाली सोडली. लेकीच्या खऱ्या वाढदिवशी लेकीच्या तोंडात काहीतरी खरं पडावं, एवढंच तिला वाटायचं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि हिने तर स्वतःच्या हाताने झाकण किलकिलं ठेवलं होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतक्या मायेने लपवत होतीस. म्हटलं, लपवू दे."

यानरूने आईच्या गालावरचं पीठ पुसलं. तिचाही हात पिठाचा होता, त्यामुळे गाल आणखीच पांढरा झाला. युनशिऊने तो हात धरून ठेवला.

होऊ आजीने टेबलावरची डुकरं पुन्हा एकदा निरखली. "डुक्कर आणि मेंढीचं जमतं," ती म्हणाली. "चांगलंच जमतं. ते मलाही येतं मोजता."

"आणि दहात नऊ अपुऱ्या, ते?" युनशिऊने विचारलं. आता विचारून टाकायचंच होतं.

आजीने एक डुक्कर उचललं, त्याचा कान सरळ केला, परत ठेवलं. "एवढी वर्षं आईची लाज राखली हिने. हिला अपुरी कोण म्हणेल? आमच्या घरी टोपली पाठवशील ना, त्यात एक मेंढी घाल. इवलीशी नको. मोठी कर, आणि मधोमध ठेव. आल्यागेल्याला दिसू दे."

वर्षाच्या शेवटच्या दिवशी चुलीवर देवाचं नवं चित्र लागलं. घरोघरचे देव परत येतात तो दिवस. त्याच्यासमोर ताटभर मोठी मेंढी होती, अंगभर कात्रीने उठवलेली लोकर. यानरूने तिचा कान मोडून आधी आईला भरवला आणि मग उरलेला स्वतः खाल्ला. अंगणात जुनल्यांगने आणलेली फटाक्यांची माळ टांगली होती.

"पेटवू का, मावशी?" त्याने बाहेरून विचारलं.

"थांब," युनशिऊ म्हणाली. "मध्यरात्री पेटव. आता काही बुडवायचं नाहीये."

यानरू चित्र नीट दाबून बसवत होती. "आई, पुढच्या वर्षी ह्याच्या तोंडाला जरा कमी साखर लाव," ती म्हणाली. "बोलू दे त्याला वर जाऊन."