फ्रीजवरची पाळत

आमच्या निपाणीच्या घरातला फ्रीज बर्फ धरायला लागला तेव्हा मी पहिला संशय फ्रीजवर घेतला नाही, माणसांवर घेतला. सवय जुनी. हायस्कुलात मास्तरकी केली आणि त्यातला बराच काळ परीक्षेच्या वर्गात पोरांच्या बाह्या तपासण्यात गेला. निवृत्त झाल्यावर बाह्या राहिल्या नाहीत, नजर तेवढी राहिली.

फ्रीज एका दाराचा. वरच्या कप्प्याला बर्फाचा जाड थर धरायचा, तो वाढत खालच्या जाळीपर्यंत उतरायचा आणि दुधाची पिशवी विटेसारखी कडक निघायची. दुधाचं एक वेळ चालतं. पण त्याच जाळीवर माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं इन्सुलिन असतं. ते एकदा गोठलं की फेकायचं, वितळवून वापरता येत नाही. मेहुणे गेल्यापासून आक्का आमच्याकडेच असते. तिनं मला कडेवर वागवलंय आणि त्या अधिकारानं ती अजूनही मला तम्मा, म्हणजे कन्नडात धाकटा भाऊ, म्हणते.

मेकॅनिक आला. दाराचं रबर सैल झालंय, कोल्हापूरहून नवं मागवतो म्हणाला. मग कोपऱ्यात जाऊन फोनवर हळू आवाजात कन्नडमध्ये बोलला. मी कान टवकारले. आमच्या भागात चोरून बोलायचं तर तिसरीच भाषा काढावी लागते, कन्नड आणि मराठी सगळ्यांनाच कळतात. तो बायकोला एवढंच सांगत होता, की जेवायला उशीर होईल, झुणका झाकून ठेव. आता इतक्या साध्या गोष्टीला आवाज कशाला उतरवायचा? माझा संशय वाढला.

रबर बसलं. जाताना तो म्हणाला, "सर, दार नीट लागलं न्हाई की भायेरची हवा आत जाती आणि बर्फ धरतंय. घरात कोण दार उघडं टाकतंय काय, तेवढं बघा."

एवढं त्यानं मला सांगायला नको होतं.

घरात आम्ही तिघं. बायको दार उघडते ती सगळ्यांदेखत, भांडं आपटून. मी उघडतो ते मी धरलं नाही. उरली आक्का. चातुर्मास चालू होता, बायको दुपारी जैन बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, प्रवचनाला जायची आणि मी आडवा व्हायचो. म्हणजे दोन तास फ्रीज आणि आक्का, दोघंच.

मी सापळा लावला. सोनेरी कडेच्या एका जाड लग्नपत्रिकेची बोटभर पट्टी कापली, तिच्यावर बारीक सही केली आणि बिजागरीच्या बाजूला, खाली, कुणाला दिसणार नाही अशी रबराच्या फटीत खोचली. सही का, तर उत्तरपत्रिकेवर करायची सवय. शिवाय गुन्हेगारानं पट्टी बदलली तर कळावं.

झोपून उठलो तर पट्टी गायब. खाली पडलेली नाही, आतही नाही. म्हणजे दार उघडणारा पुरावासुद्धा उचलून नेतोय. असा मुरलेला कॉपीबहाद्दर मला आख्ख्या नोकरीत भेटला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुसरी पट्टी, तीही गायब. तिसरी मी दुहेरी घडी घालून खोचली. तीही गेली. या तपासात मी स्वतः दिवसातून पंधरा वेळा दार उघडत होतो, ते वेगळंच.

बर्फ मात्र दुपटीनं वाढला. एके सकाळी आक्कानं इन्सुलिनची बाटली उजेडात धरली. आत काचेच्या चुऱ्यासारखं चमकत होतं. मेडिकलवाल्यानं फेकून द्यायला सांगितलं.

मी संधी साधली. "आक्का, दुपारचं फ्रीज कोण उघडतंय गं?"

"मला इचारतोस?"

"तुला म्हटलं न्हाई मी. आपलं इचारलं."

"माझं काय हाय रं त्यात? शिळं मी खात न्हाई. दिवस मावळला की पाणीबी पीत न्हाई. एक विंजेक्शन हाय, ते तुझ्या फ्रीजनं गारठवलं. आणि चोर मीच व्हय?"

तिनं उरलेल्या बाटल्या स्टीलच्या डब्यात घातल्या आणि सरळ शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवल्या. परत आली ती खुंटीवरची बॅग काढून लुगडी भरायला बसली. रविवारी लेकीकडं चिकोडीला जाते, म्हणाली. बायको माझ्याशी बोलायची थांबली.

मी सगळा राग मेकॅनिकवर काढला. "जुनंच रबर धुऊन बसवलंस," असं फोनवर सुनावलं. तो मुकाट्यानं आला. आक्का भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. त्यानं बिजागरीकडचं रबर दोन बोटांनी उलटं केलं आणि आतल्या घडीतून एक सोनेरी पट्टी ओढली. मग दुसरी. मग तिसरी, दुहेरी. दार उघडता-मिटता रबरानंच त्या आत ओढून घेतल्या होत्या आणि तेवढ्या फटीतून हवा आत जात होती.

त्यानं पट्टी उजेडात धरली. "सर, ही सही कुणाची?"

"घावला एकदाचा चोर," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

आक्कानं तांदळातला खडा काढून माझ्या बाजूला टाकला.

मी माफी मागितली. वयाच्या या टप्प्यावर मला ती नीट जमत नाही, तरी मागितली. आक्का म्हणाली, "ऱ्हाते मी. पण बॅग भरलेली असू दे. पंधरा दिवस बघते, तुझा फ्रीज कसा वागतोय आणि तू कसा वागतोस."

ते पंधरा दिवस इन्सुलिन आणायला मी शेजारी जायचो. काकू माझ्यामागून फ्रीजपर्यंत यायच्या आणि मी दार लावलं की वरून एकदा तळव्यानं दाबून बघायच्या.

बर्फ धरला नाही. सोळाव्या दिवशी डबा आमच्या जाळीवर परत आला. ठेवताना आक्कानं दाराच्या रबरावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

बॅग अजून खुंटीवर आहे. आत लुगडी आहेत की तिनं काढून कपाटात ठेवलीत, ते मला कळत नाही. ती सकाळी बस्तीत दर्शनाला गेली की बघावंसं वाटतं. पण काल जवळ जाऊन पाहिलं, तर चेनला तिनं एक पांढरा दोरा गुंडाळून ठेवलाय.