झरा गढूळ झाला तेव्हा

लग्न होऊन मी पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीत आले, तेव्हा आमच्या वाडीचं आणि वरच्या धनगरवाडीचं बोलणं बंद होतं. त्यांच्या म्हशींनी आमची नाचणी तुडवली, म्हणून माझ्या सासऱ्यांनी त्या कोंडवाड्यात घातल्या होत्या आणि वरची पायवाट करवंदीच्या काट्या रचून बुजवली होती. नवरा मुंबईला गिरणीत. घरात सासूसासरे, मी आणि माहेरी आलेली नणंद.

श्रावणात एका सकाळी सासूसासरे आणि मी खालच्या खाचरात भातातलं तण बेणत होतो. नणंदेला ताप होता म्हणून ती घरीच निजली होती. डोंगराकडून मोठा आवाज आला. मान वर केली, तर घराच्या जागी नुसती लाल माती.

सर्वांत आधी धावून आले ते धनगर. काट्या तुडवत आले होते, पाय रक्ताळले होते. दुपारी नणंद सापडली. तिला बाहेर काढणारा म्हातारा धनगर सासऱ्यांपुढे उकिडवा बसला.

"वरचा झरा दोन दिस गढूळ येत व्हता. डोंगर सुटनार, आमाला कललं व्हतं. सांगाया येनार व्हतो. पन वाट बंद व्हती."

 तेरावा झाल्यावर सासऱ्यांनी स्वतः काट्या उपसल्या आणि म्हाताऱ्याकडे गेले. काय बोलणं झालं, ते आम्हाला कधी कळलं नाही. उन्हाळ्यात मात्र दोन्ही वाड्यांनी मिळून मधल्या कातळावर मोठी झोपडी शाकारली, तांदूळ आणि सुकी लाकडं भरून ठेवली. झरा गढुळला की धनगरांनी थाळा वाजवायचा, सगळ्यांनी कातळावर यायचं, असं ठरलं. चुली मात्र दोन्ही वाड्यांच्या वेगळ्याच राहिल्या. त्यांच्या हातचं आमच्यात कोणी खात नसे.

त्या पावसाळ्यात थाळा वाजला. सगळे चढले; सासूबाई जुन्या घराच्या जागी जाऊन बसल्या. आम्ही विनवून थकलो. "माजी पोर हितं गेली," एवढंच म्हणायच्या.

मग त्या म्हाताऱ्याची बायको खाली उतरली आणि त्यांच्याशेजारी पावसात बसली. म्हणाली, "बाय, मी पन हितंच बसते. तू उठशील तवा उठू."

बऱ्याच वेळाने दोघी हात धरून वर आल्या.

डोंगर सुटला नाही. तीन दिवस आम्ही तिथे होतो. सासूबाईंनी भाताला हात लावला नाही. त्या धनगरणीने दिलेलं ताक तेवढं प्यायल्या. आमच्यातल्या कोणीही त्यांना अडवलं नाही.