पाहुणा किती दिवसांचा?

काक रोहाना गेल्याचा निरोप तिच्या मुलीनं, सलमानं, पाठवला तेव्हा मी सिंगापूरच्या लिटिल इंडियात मेथीच्या जुड्या निवडत होते. जुडी तशीच खाली ठेवली... काक म्हणजे मलयमध्ये ताई. आणि या ताईवर मी जितका संशय घेतला, तितका सख्ख्या जावेवरही घेतला नसेल.

तेव्हा यजमान सिंगापूरच्या तुआस भागात कामाला, आणि आम्ही पुलापलीकडे मलेशियात, जोहोरला भाड्यानं राहायचो. रोहानाची आणि आमची भिंत एकच. मी पुण्याहून नवी आलेली, अंगात शहाणपण मावत नव्हतं. मुसलमानी मुलूख म्हणून घराबाहेर पडताना टिकली काढून आरशाला चिकटवायची! त्या वर्षी गावात एका देवळाच्या जागेवरून धुसफूस चालली होती. गणपती बसवले ते खिडक्या लावून. आरती अशी पुटपुटले, की देवालाही कान पुढे करावे लागले असतील.

संध्याकाळी रोहाना कुंपणाशी हजर. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "तुझा देव आलाय ना? किती दिवस राहणार?"

"पाच," मी बोलून गेले.

"नक्की?"

झालं! यजमानांना म्हटलं, "ही तक्रार करणार."

"अगं, सहज विचारलं असेल."

"सहज विचारणारी माणसं 'नक्की' म्हणत नाहीत."

दुसऱ्याच दिवशी न्हाणीघरातल्या बादलीत विसर्जन. मखर पलंगाखाली.

पाच दिवस उलटले आणि तिच्या अंगणात मोठाली पातेली चढली. नातवाचं जावळ होतं, त्यांच्यातही काढतात. ती माझ्यासाठी केळी घेऊन आली. "गेला ना तुझा पाहुणा? तो घरात असताना भिंतीपलीकडे गाय कशी शिजवू? म्हणून थांबले." मूर्तीपायी आपला विधी पुढे ढकलला म्हणून सासरचे तिच्यावर बिथरले होते.

"तो तर दुसऱ्याच दिवशी गेला," मी पुटपुटले. "बादलीत."

"बादलीत! आणि मी नणंदेचे टोमणे खात बसले?" मग डोळे बारीक करून म्हणाली, "मला घाबरलीस?"

"छे!"

तिचा विश्वास बसला नाही. पुढे कितीतरी दिवस ती माझ्याकडे तिरकंच बघायची... मीही तिच्याकडे.

आम्ही सिंगापूरला आलो, मध्ये खाडी आली, तरी दर वर्षी तिचा फोन यायचा. "किती दिवस? नक्की? की बादली?"

परवा मखर काढत होते, तोच सलमाचा मेसेज. "आंटी, दिस इयर हाऊ मेनी डेज आह?" मी चमकलेच. हिला कशाला हव्यात चौकशा?... सवय, दुसरं काय.

सुनेला म्हटलं, "खिडक्या उघड गं सगळ्या." आणि उत्तर पाठवलं: पाच. नक्की.