आपल्याला कुठं जायचं?

विमानतळाबाहेर टॅक्सीच्या चिठ्ठ्या फाडायचं काम मी वीस वर्षं करतेय. काचेची खिडकी, आत मी आणि एक खुर्ची. माणसं विमानातून उतरून अशी चालत येतात की जणू अजून उशीवरच डोकं आहे. नाव विचारलं तर आठवायला वेळ लागतो. ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या सकाळी बाहेर धुकंही होतं, त्यामुळे समोरच्या टॅक्सीसुद्धा झोपेतच पुढे सरकत होत्या.

त्यातली एक माझ्या धाकट्या भावाची. त्याला सगळे ड्रायव्हर 'सावकाश' म्हणतात. पहिली दोन किलोमीटर तो गाडी अशी चालवतो की सायकलवालेही पुढे जातात. विचारलं तर म्हणतो, "ताई, उतरलेल्या माणसाचं अंग आधी येतं, जीव मागून येतो. त्याला गाठायला वेळ नको?"

दुसरी खोड, गेल्या दहा-अकरा वर्षांतली, म्हणजे त्याचा प्रश्न. "आपल्याला कुठं जायचं?" मी किती वेळा म्हटलं, "अरे, आपल्याला कसलं? जायचंय त्यांना. तू त्यांना सोडून परत इथेच रांगेत येणार." तो हसायचा आणि पुढच्या प्रवाशालाही तेच विचारायचा.

अकरा वर्षांपूर्वी त्याची बायको, माझी भावजय, गेली. महिन्याच्या आत याने तिचं शिलाई मशीन कुणाला तरी देऊन टाकलं. लेकीला विचारलंसुद्धा नाही. तिने जाब विचारला तर म्हणाला, "माझं घर आहे, मी ठरवीन." ती म्हणाली, "मग तुमचं घर तुम्हाला लखलाभ." बॅग भरून परदेशी गेली ती गेलीच. दोघंही एका मातीचे, हट्टी. माझा जीव मात्र मधल्या मध्ये कासावीस.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "आत्या, कामासाठी येतेय, दोनच दिवस. हॉटेलात उतरेन. बाबांना कळू देऊ नकोस." माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पण हे मी पोटात ठेवलं. मनात म्हटलं, ही अशीच परत गेली तर दोघांची या जन्मी भेट व्हायची नाही.

धुक्यातून ती आली तेव्हा आधी मला भावजयच दिसली. मग डोळे पुसले. रांगेत सावकाश चौथा होता. रांग मी आजवर कुणासाठी मोडलेली नाही, तेव्हाही मोडली नाही. फक्त बोलत राहिले. किती वाळलीस, केस का कापलेस, विमानात जेवायला काय होतं. मध्येच पेन चालेना. मागच्या तिघांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. मग तिच्या हातात हॉटेलच्या पत्त्याची चिठ्ठी दिली.

ती वळली आणि समोरच्या टॅक्सीत बापाची पाठ. तिथेच थबकली.

"आत्या, हे तू मुद्दाम केलंस," ती कुजबुजली.

"रांग आहे बाई ती. मी काय करणार?"

तिने गाडीच्या दारावर हात ठेवला. सुटकेस खाली ठेवली. मग दार उघडून मागे बसली. गाडी खिडकीला लागूनच होती, काच उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं. खोटं कशाला बोलू, मी कान देऊनच उभी होते.

"आपल्याला कुठं जायचं?" त्याने नेहमीसारखं, मागे न बघता विचारलं.

"चिठ्ठीवर लिहिलंय."

आवाज ऐकला आणि त्याचे हात स्टिअरिंगवरून खाली आले. त्याने चिठ्ठी घेतली, पण बघितली नाही.

"चष्मा नाही माझ्याजवळ," तो म्हणाला. चष्मा कपाळावर होता.

मग फार हळू, एकेक शब्द सोडवत त्याने पुन्हा विचारलं, "आपल्याला... कुठं जायचं?"

आणि मला तेव्हा उमगलं की अकरा वर्षं हा प्रवाशांना नाही, हिलाच विचारत होता. त्या एका 'माझं'ची भरपाई करत होता वेडा. मी इतकी वर्षं थट्टा केली, मला माझीच लाज वाटली.

ती बाहेर धुक्याकडे बघत होती. मागच्या टॅक्सीने हॉर्न दिला.

"आपल्या घरी," ती म्हणाली.

सावकाश निघाला तो असा सुसाट की रांगेतले सगळे ड्रायव्हर बघतच राहिले. सुटकेस माझ्या खिडकीखालीच राहिली होती. ती मी आत ओढून घेतली. म्हटलं, ड्यूटी संपली की नेऊन देऊ, सावकाश.