पोस्टरावरची याडी

मास्तरकी सुटून इतकी वर्षं झाली, तरी भिंतीवर कुणी अडाणी बाईचं चित्र रंगवलेलं दिसलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. दोन शिव्या हासडतो. मग आठवतं, की बाबा रे, असलं चित्र तूही काढलंस.

साठ-बासष्टची गोष्ट असेल. मोठ्या माणसांना लिहाय-वाचायला शिकवायची मोहीम गावोगाव निघाली होती. मी महागावजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर, नवाच लागलेलो, नोकरी अजून कच्ची. आमच्या बंजारा तांड्यातला खुर्चीवर बसणारा पहिला माणूस मीच. चित्रं बरी काढायचो. मोहिमेच्या साहेबांनी एक गाणं लिहिलं होतं, बाजाराच्या दिवशी कलापथक ते म्हणणार होतं, आणि त्यांच्या मागे टांगायचं मोठं पोस्टर माझ्या गळ्यात पडलं. गाणं वाईट नव्हतं, खोटं कायले बोलू? चाल अशी फक्कड की गाडीवानसुद्धा गुणगुणायचे.

मी ठरवलं, एकच बाई काढायची, हातात पाटी घेतलेली. आणि ती बाई म्हणजे माझी याडी. आमच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. तिला सांगायचा अवकाश, तिनं पेटी उपसली. घेरदार फेटिया म्हणजे आमचा घागरा, आरसे लावलेली कांचळी म्हणजे चोळी, दंडभर हाडाच्या बांगड्या, डोक्यावर कवड्यांची ओढणी. भर उन्हात अंगणात उभी राहिली, हलायचं नाव नाही.

"काय वं, पुन्हा लगन लागून राह्यलं का तुहं?" शेजारणी चिडवायला लागल्या.

"लागू द्या. माहा पोरगा मास्तर हाये, तो फोटू काढून राह्यला."

गेरू, नीळ, काजळ डिंकात कालवून मी मांजरपाटाच्या कापडावर आठ दिवस खपलो. याडी हुबेहूब उतरली. पाटी धरलेले तिचे हात तर असे जमले की माझं मलाच नवल वाटलं. गुंडाळी काखेत मारून साहेबांकडे गेलो.

साहेब पुण्याकडचे. चष्मा वर करून म्हणाले, "मास्तर, हात छान आहे तुमचा. पण यात संदेश कुठे आहे? शिकल्यावर बाई बदलायला नको? ही तर तशीच्या तशी!" मग त्यांनी सांगितलं, चित्राचे दोन भाग करा. डावीकडे ही, पाटीशिवाय, चेहरा जरा बावळट. उजवीकडे नऊवारी नेसलेली, अंबाडा घातलेली, हातात पुस्तक. आणि खाली ठळक अक्षरांत डावीकडे 'अज्ञान', उजवीकडे 'ज्ञान'.

आता तुम्हीच सांगा, फेटिया घातला की डोक्यात अक्षर शिरत नाही का? कांचळीच्या आरशांना बाराखडी अडते का? नुसत्या नजरेनं ओढणीवर मोर उतरवणारी बाई ती, तिचं तोंड बावळट करायचं! हे सगळं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. आणि मी काय म्हणालो? "हो साहेब." शेपूट घातलं मी. तिच्या हातातली पाटी पुसली, डोळे मंद केले, आणि तिच्या पायाशी 'अज्ञान' हा शब्द माझ्याच कुंचल्यानं काढला. तोही वळणदार! चांगल्या अक्षराची मेली हौस मला.

बाजारच्या दिवशी वडाखाली पोस्टर टांगलं. याडी तांड्यातल्या बाया घेऊनच आली. आल्या आल्या स्वतःला ओळखून हसली.

"तोंड काहून असं केलं रे? झोप आल्यावानी दिसून राह्यली मी." मग तिनं खालच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "अन् हे काय लिवलं?"

"तुहं नाव," मी म्हणालो.

कसं सुचलं, देव जाणे. तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, एकदा नाही, चार-चारदा. सोबतच्या बायांनाही बोलावून दाखवलं. मला वाटलं, चला, निभावलं.

त्यानंतर महिनाभर मी शाळेच्या गावीच राहिलो, तांड्यावर फिरकलो नाही. मग एका बाजारी ती समोरून येताना दिसली. ओढणीचा जो पट्टा कपाळावर येतो, त्यावर तिनं लाल-पिवळ्या दोऱ्यानं 'अज्ञान' भरलं होतं. माझं वळण जसंच्या तसं. भरतकाम करणाऱ्या बाईची नजर ती, एकदा पाहिलेला नमुना सुटतो होय?

"घरी चाल," मी म्हणालो. "ही ओढणी बदल आधी."

"काहून? माहं नाव हाये ना ते?"

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी वाचलं आणि पोट धरधरून हसले. "वा मास्तर! बाईंनी स्वतःच पाटी लावून घेतली की कपाळावर! अज्ञान!" आजूबाजूचे दोघं-चौघं वाचता येणारेही दात काढायला लागले. शब्द याडीच्या ओळखीचा होता. गाण्यात तो दहादा यायचा, त्या अज्ञानाला गावाबाहेर हाकला म्हणून. तिनं हळूच कपाळावर हात ठेवला. साहेबाचं नरडं धरावं असं वाटलं मला. धरलं नाही.

याडीनं साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं, "तूच लिवलं व्हतं ना ते?"

"हो."

घरी जाऊन तिनं दुसरी ओढणी घेतली आणि अक्षरं भरलेली माझ्यापुढे टाकली. "तूच उसव." अंगणात सगळ्यांच्या देखत बसून मी एकेक टाका उसवला. टाके इतके घट्ट, की बोटं सोलून निघाली.

साहेबांना बढती मिळाली, माझी नोकरी पक्की झाली. त्यांच्यावरचा राग माझ्यासोबतच जळेल. याडी माझ्याशी बोलायची, भाकर गरम गरम ताटात टाकायची, कशात काही कमी केलं नाही तिनं. पण तलाठ्याचा कागद आला, मामाचं पत्र आलं, की ते ओढणीच्या टोकाला बांधायची आणि उमरखेडच्या रस्त्यावरच्या किराणावाल्याकडून वाचून घ्यायला दोन कोस पायी जायची. मी घरातच खाटेवर बसलेला असायचो.